ड्रमवरचा 'इन' पुसून टाका

गेल्या महिन्यात रंगांच्या एका कारखान्यात सुरक्षेचा वर्ग घेताना गोदामातल्या मुलांना थिनरच्या ड्रमवरची पाटी वाचायला सांगितली. आयटीआय झालेल्या एकाने ती अचूक वाचली, 'इनफ्लेमेबल'. अर्थ विचारला, तर म्हणाला, "पेट न घेणारं, सर." 'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण, 'इनकरेक्ट' म्हणजे चूक, तसंच हे. त्याच्या तर्कात खोट नव्हती, खोट पाटीत होती.

हा 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणं. डॉक्टर ज्याला 'इन्फ्लमेशन' म्हणतात तो दाहही त्याच कुळातला. म्हणून 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' यांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. शब्दकोशात दोन्ही शुद्ध आहेत, पण पाटी वाचणाऱ्याच्या हाती शब्दकोश नसतो. हे ओळखून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस या रसायनांच्या वर्गीकरणातही हाच शब्द आहे. आपल्याकडच्या टँकरांच्या पाठीवर मात्र अजून 'हायली इनफ्लेमेबल' दिसतं.

एका शब्दाने माणूस कसा गाफील होतो, हे बेंजामिन ली व्होर्फ यांनी दाखवलं. ते भाषाशास्त्रज्ञ म्हणून गाजले, पण नोकरी अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत होती. पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमांपाशी जपून वावरणारी माणसं 'एम्प्टी' ड्रमांपाशी खुशाल सिगारेट ओढतात, असं त्यांनी नोंदवलं. रिकाम्या ड्रममधलं पेट्रोल संपलेलं असतं, वाफ उरलेली असते, आणि भडका उडतो तो वाफेचाच. धुऊन न घेतलेला 'रिकामा' ड्रम गॅस कटरने कापायला घेणारा आपला वेल्डर याच शब्दाला फसतो.

येत्या ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आपण सगळे शपथ घेऊ. त्याआधी एकदा आवारात फेरी मारा. आपल्या पाट्यांवरचा 'इन' रंगाने झाका, आणि खाली मराठीत व हिंदीत ठळक लिहा, 'लवकर पेट घेते'. पुरवठादाराच्या लेबलाला हात लावता येत नसेल, तर शेजारी आपलं चिकटवा. मग गोदामातल्या सर्वांत नव्या मुलाला ते वाचायला सांगा आणि अर्थ विचारा.