गाडी गेली, नाव राहिलं

मैत्रिणींनो, रात्री साडेनऊनंतर तुमच्याकडे काय चालतं मला ठाऊक नाही. आमच्याकडे मात्र ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं आणि चिरंजीवांचं दप्तर भरून झालं की हेरगिरी सुरू होते! सासू-सुनांच्या मालिकांत माझा जीव रमत नाही. ते सगळं दिवसभर आजूबाजूला फुकट पाहायला मिळतं. मला लागतो गुप्तहेर. आमचे ‘हे’ दहा मिनिटांत घोरू लागतात, पण मी शेवटपर्यंत डोळे ताणून बसते.

२०१९ साली ‘द फॅमिली मॅन’ आली, तेव्हापासून हे वेड जास्तच वाढलं. मनोज बाजपेयीचा श्रीकांत तिवारी दहशतवाद्यांच्या मागे धावतो आणि धावता धावता बायकोच्या फोनला उत्तरंही देतो. मुलांची शाळा, घरकर्जाची विवंचना, वेळेवर घरी न येणं, सगळं अगदी आपल्या घरातलं. नाहीतर तो जेम्स बाँड! त्याला ना भाजी आणायची, ना लाइटबिल भरायचं. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये त्याच्या ॲस्टन मार्टिन गाडीची नंबरप्लेट गर्रकन फिरून दुसराच नंबर पुढे येते. लहानपणी हे पाहून मी थक्क झाले होते. आता वाटतं, खरी गंमत त्या गाडीत नव्हतीच, नंबरप्लेटीत होती.

कारण हेरकथा कुठलीही घ्या, धागा सापडतो तो गाडीच्या नंबरावरून. आम्ही तुर्भ्यात राहतो. इथे तर नंबरांचं प्रदर्शनच भरलेलं असतं. घाऊक बाजाराकडे निघालेल्या ट्रकांची रांग गॅलरीतून दिसते. के.ए. म्हणजे कर्नाटक, जी.जे. म्हणजे गुजरात, सफरचंदांच्या दिवसांत थेट जे.के. आमचा मुलगा राज्यं शिकला ती शाळेच्या नकाशावर नव्हे, या ट्रकांवर. वारा मसाला मार्केटकडून आला तर शिंका देत देत.

तर एका रात्री मालिकेत तपास पथक असाच नंबर शोधत एका निवृत्त माणसाच्या दारात येऊन ठेपलं. तो बिचारा लुंगी सावरत म्हणतो, “साहेब, ती गाडी तर मी केव्हाच विकली.” कागदावर मात्र नाव त्याचंच! मी हसले. मग आठवलं, आपल्या मुंबईत हे खरोखर घडलेलं आहे. १२ मार्च १९९३ रोजी बाँबस्फोट झाले, त्या दिवशी वरळीला एक मारुती व्हॅन टाकून दिलेली सापडली. आत शस्त्रं होती. नंबरावरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोचले आणि पुढचे सगळे धागे तिथून उलगडत गेले. ती गाडी होती त्या घरातल्या सुनेच्या नावावर. २००६ साली विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत तीही होती. तिचा प्रकार वेगळा, आपला वेगळा, हे खरंच. पण आपल्या नावावर काय काय आहे हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं, सांगा बरं.

हे कूस बदलत म्हणाले, “तुझ्या वडिलांच्या गाड्यांची नावं बदलली होती ना गं?” आणि ते लगेच घोरू लागले! मी मात्र अंधारात गाड्या मोजत बसले.

नानांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरी तिला कोणी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, आमच्याकडे आली तेव्हा बारा वर्षांची, तिसऱ्या हातातली. एम.एच. सुरू व्हायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे बाकासारखी सलग सीट. नाना, मधे मी आणि डावीकडे मांडीवर धाकट्याला घेऊन आई. त्रिकोणी काच तिरकी केली की वारा नेमका आईच्या अंबाड्यावर यायचा. थंडीत चोक ओढून धरावा लागे आणि तरीही सोसायटीतल्या चौघांनी धक्का दिल्याशिवाय गाडीची झोप उडत नसे. त्या चौघांना आई नंतर चहा द्यायची. गाडीच्या पेट्रोलपेक्षा चहासाखरेचा खर्च जास्त, असं ती म्हणे.

मे महिन्यात ठाण्याहून वाईला जायचो. तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. खंडाळ्याचा घाट चढताना फियाटच्या नाकातून वाफ निघू लागली की नाना कडेला थांबत. आई पिशवीतून पाण्याची बाटली काढे. आमच्यासाठी एक, गाडीसाठी दोन! बॉनेट उघडून गाडी गार होईपर्यंत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या लेखी घाट म्हणजे अजूनही तो गरम रबराचा आणि चटणीचा मिसळलेला वास. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिल्याची बातमी आली, तेव्हा आईचा फोन आला होता. “आपली कधीच भंगारात गेली असेल, नाही का गं?” एवढंच म्हणाली.

त्यानंतर १९९९ साली पांढरी मारुती ८००. शहाणी गाडी, कधी बंद पडली नाही, म्हणून तिच्या आठवणीही फारशा नाहीत. आणि २०१२ ची चंदेरी वॅगन आर. आईला गुडघे न वाकवता बसता यावं म्हणून नानांनी मुद्दाम उंच गाडी घेतली होती. २०२१ साली डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नानांनी ती एका दलालामार्फत विकून टाकली. पुढच्या वर्षी नाना गेले.

आई अजून नानांच्या मोबाईलचं रिचार्ज करते. आम्ही दोघं भावंडं त्यावर काही बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात तोच फोन टिणटिण वाजला. नानांच्या नावावर ई-चलान! सिग्नल तोडला म्हणून. आठ दिवसांत आणखी दोन. सोबत फोटो. आईने मला फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन. मला वाटलं, घाबरली असेल. ती म्हणाली, “मागच्या काचेवरचा मोरया तसाच आहे बघ. चालतेय गं अजून.”

मी पाहिलं तर रस्ता ठाणे-बेलापूरचा. म्हणजे नानांची गाडी माझ्या घराजवळून जात-येत होती आणि मी वर बसून दुसऱ्यांच्या हेरगिऱ्या पाहत होते! नंतरचे काही दिवस मी गॅलरीत उभी राहून एकेक चंदेरी वॅगन आर न्याहाळली. भाजी दोनदा करपली, गाडी काही दिसली नाही.

सापडली ती नानांच्या फायलीत. प्लास्टिकच्या कव्हरात फॉर्म २९ आणि ३० च्या झेरॉक्स, गाडी दिल्याची पावती, त्यावर नानांच्या अक्षरात ‘सायं. ५ वा. २० मि.’, दलालाचा फोन नंबर. फक्त एका ठिकाणी चूक होती. फॉर्मवर सही होती, तारीख नव्हती. दलाल म्हणाला असणार, “राहू द्या काका, नंतर टाकू.” कोरी तारीख म्हणजे गाडी हातोहात फिरवायची सोय. प्रत्येक वेळी नाव बदलायचा खर्च वाचतो.

म्हणून मैत्रिणींनो, हे कात्रण कापून ठेवा. गाडी विकली की चौदा दिवसांच्या आत विकणाऱ्याने आर.टी.ओ.ला कळवायचं असतं, घेणाऱ्यावर विसंबायचं नाही. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला गाडी दिलीत तर २०२३ पासून २९-सी हा फॉर्म आहे. त्यातून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते. मालक वारला तर वारसांनी तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचतं, असं तुम्ही म्हणाल. आम्हालाही सुचलं नव्हतं. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात सांगितलं आहे, की गाडी मधे कितीही हातांतून फिरलेली असो, दप्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईही त्यानेच द्यायची. चलानाचे पैसे एकवेळ परवडले. त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर?

भावाने दलालाला गाठलं, दलालाने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटी एक पंचविशीचा मुलगा आईच्या दारात उभा राहिला. पहाटे मार्केटमधून कोथिंबीर-मेथी उचलून घणसोलीला विकतो. त्याच्याकडेही एक पावतीच होती. आमच्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला, गाडी परत मागतात की काय म्हणून. चलानाचे पैसे त्याने तिथल्या तिथे भरले.

आता नानांची सही उपयोगाची नव्हती. आधी वारस म्हणून गाडी आईच्या नावावर करायची आणि मग आईने त्या मुलाला द्यायची, असं ठरलं. मृत्यूचा दाखला, मूळ नोंदणीपत्र, विमा, पी.यू.सी., आम्हा भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. तीन खेपा झाल्या.

दीड महिन्याने पोस्टाने कार्ड आलं. आईने ते चष्मा लावून वाचलं, पुसलं, पुन्हा वाचलं. जन्मभर डावीकडच्या सीटवर बसलेली बाई. घर नानांच्या नावावर, गॅस नानांच्या नावावर, तीनही गाड्या नानांच्या. एकाहत्तराव्या वर्षी गाडीची मालकीण झाली, तीही आठ दिवसांसाठी! भाऊ म्हणाला, “लगेच सही करून टाक, म्हणजे सुटलीस.” ती म्हणाली, “थांब. आधी गाडी बघू दे.”

मुलाने गाडी आणली. मागची सीट काढून तिथे क्रेट रचलेले, आत मेथीचा ओला वास. पुढचं सीटकव्हर मात्र आईनेच शिवलेलं, कडेने उसवलेलं. सोसायटीच्या फाटकापासून देवळापर्यंत आणि परत, एवढीच चक्कर. मुलाने दार उघडून धरलं तेव्हा ती उतरली नाही. पिशवीतून सुईदोरा काढला आणि बसल्या बसल्या कव्हराची कड टाचून दिली.

मग घरात येऊन तिने फॉर्म पुढे ओढला. आधी तारीख घातली, ठळक अक्षरात. त्याखाली सही केली.