होर्मुझची वाट बंद झाल्यास गॅस-डिझेल कसे मिळणार, याबाबत निवेदन

दि. 7 जुलै 2025

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड-अलिबाग
(मा. तहसीलदार, रोहा यांच्यामार्फत)

विषय: आखातातील युद्धस्थिती व इंधनाचा तालुकानिहाय साठा

महोदय,

इस्रायल-इराण युद्ध 13 ते 24 जून असे बारा दिवस चालले. 22 जूनला इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. ती बंद झाली नाही, म्हणून हे निवेदन शांतपणे लिहिता येत आहे. देशात लागणारा निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक याच चिंचोळ्या वाटेने. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे 53.3 लाख टनांचे भूमिगत राखीव साठे आहेत खरे, पण ते कच्च्या तेलाचे. कच्चे तेल शेगडीत ओतता येत नाही.

आमचे निडी गाव नागोठण्याच्या शेजारचे. 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागले, पुढे तिथला वायू उरणला उतरला आणि त्याच्या जोरावर नागोठण्याचा पेट्रोरसायन कारखाना उभा राहिला. आज तिथे अमेरिकेहून दहेजला आलेला इथेनही पाइपलाइनने पोहोचतो. कारखान्याने होर्मुझ टाळणारी दुसरी वाट करून ठेवली. त्याबद्दल तक्रार नाही. गावाच्या स्वयंपाकघराला मात्र अजून एकच वाट आहे. एप्रिलमध्ये सिलिंडर 50 रुपयांनी महागला, उज्ज्वला योजनेतलाही. पावसाळ्यात लाकूड ओले असते, तेव्हा पुन्हा चुलीकडे वळा म्हणणेही सोपे नाही.

आमची पहिली मागणी: रोहा व पेण तालुक्यांतील गॅस एजन्सी आणि पेट्रोल पंपांकडे किती दिवसांचा साठा आहे, हे दर आठवड्याला तहसील कार्यालयात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. अफवेने लागणारी रांग आकड्यानेच मोडते. टंचाई आलीच, तर घरगुती सिलिंडर, अंगणवाडी, शालेय पोषण आहार आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना आधी पुरवठा मिळेल, असा आदेश आजच तयार ठेवावा. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलरसाठी कॅनमध्ये डिझेल मिळण्याची सोय त्यातच असावी. थळच्या खत कारखान्याचा युरियाही नैसर्गिक वायूवरच होतो. म्हणून खरिपाच्या खताचा हिशेबही या आदेशाला जोडून घ्यावा.

घरगुती पाइप गॅस निडीपर्यंत कधी येणार, याची तारीख संबंधित कंपनीकडून लेखी घेऊन कळवावी. तोवर गुरे असलेल्या घरांना गोबरगॅससाठी आणि शाळा व नळपाणी योजनेला सौरऊर्जेसाठी जिल्हा नियोजन समितीतून निधी मिळावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
निडी ग्रामस्थ

प्रत: मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, रायगड