सबवूफरच्या पेटीचे पोर्ट : आधी रुंदी, मग लांबी

घरच्या घरी सबवूफरची पेटी बनवणारा मनुष्य तीन गोष्टींची चिकित्सा फार करतो : स्पीकर किती इंची घ्यावा, प्लायवुड किती जाडीचे असावे आणि अँप्लिफायर किती वॉटचा असावा. पेटीला जे भोक पाडावयाचे आणि त्यात जी नळी बसवावयाची, तिचा विचार तो सर्वांत शेवटी करतो. पुष्कळदा दुसऱ्याच्या पेटीतील माप जसेच्या तसे उतरून घेतले जाते, किंवा नळाच्या दुकानात पीव्हीसी नळीचा जो तुकडा हाती लागेल तो बसवला जातो. वस्तुतः स्पीकर आणि पेटी एकदा ठरली की खालच्या स्वरांचे बरेवाईट या नळीवरच अवलंबून असते. तिची मापे उसनी आणता येत नाहीत. ती हिशेबानेच काढावी लागतात. आणि त्या हिशेबात नळीची रुंदी आधी व लांबी मागाहून ठरली पाहिजे.

भिलाईच्या रहिवाशाला हा क्रम परका वाटू नये. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभारला गेला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि भारतीय रेल्वेचे रूळ येथे तयार होतात. रुळाचा छेद त्यावरून धावणाऱ्या गाडीच्या भाराने ठरतो. मीटरला ६० किलोचा रूळ हवा असे एकदा ठरले, की तो किती लांब असावा हा पुढचा प्रश्न. लांबी सोयीची व्हावी म्हणून छेद बारीक करावा, असे कोणीही सुचवणार नाही. पेटीच्या नळीबाबत मात्र नेमके हेच रोज घडते.

नळीचे कार्य काय, हे समजण्यास पाण्याची रिकामी सुरई पुरेशी आहे. सुरईच्या तोंडावर तिरकी फुंकर घातली की एक गंभीर स्वर निघतो. मानेतील हवा हे एक वजन होय आणि पोटातील हवा ही एक स्प्रिंग होय. ते वजन त्या स्प्रिंगवर ठराविक गतीने मागेपुढे हेलकावते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा पोकळ अनुनादकांचे विवेचन आहे. हे तत्त्व ध्वनिक्षेपकाच्या पेटीस लावण्याची युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अल्बर्ट थुरास यांनी काढली. तिचे पेटंट त्यांना १९३२ मध्ये मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दशकात या पेट्यांचे गणित इतके सुटसुटीत केले, की स्पीकरचे काही गुणांक ठाऊक असल्यास पेटीचे घनफळ आणि नळीचा स्वर कागदावरच निश्चित करता येतो. जे काम पूर्वी अंदाजाने होई, ते आज शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकाराने होते.

तो हिशेब असा. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यास ३०,००० ने गुणावे. पेटीचे घनफळ लिटरमध्ये घेऊन त्यास इच्छित कंपनसंख्येच्या वर्गाने गुणावे. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता नळीची परिणामी लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही तिच्याबरोबर हलत असल्यामुळे नळी प्रत्यक्षात असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. म्हणून या उत्तरातून नळीच्या व्यासाचा सुमारे पाऊण भाग वजा करावा. उरेल ती कापावयाची लांबी.

आता ५० लिटर घनफळाची पेटी घेऊन ती ३२ हर्ट्झला जुळवावयाची आहे असे समजू. नळीचा आतील व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर लांबी अवघी ८ सेंटिमीटर येते. व्यास १० सेंटिमीटर केला, तर ती ३९ सेंटिमीटर होते. व्यास १५ सेंटिमीटर केला, तर ९३ सेंटिमीटर! तिन्ही नळ्यांचा स्वर एकच आहे. साहजिकच सुताराचे मन पहिल्या नळीकडे ओढ घेते. ती स्वस्त आहे, आखूड आहे, पेटीत कोठेही बसते. मोह येथेच आहे आणि चूकही येथेच आहे.

कारण स्वर जुळला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्या नळीतून हवा किती वेगाने जाणार, हेही पाहिले पाहिजे. जुळवलेल्या कंपनसंख्येवर स्पीकरचा शंकू जवळजवळ स्थिर राहतो आणि जवळपास सर्व आवाज नळीतील हवाच निर्माण करते. पेटी उघड्या जागी जमिनीवर ठेवली आहे आणि एक मीटर अंतरावर ३२ हर्ट्झचा आवाज १०० डेसिबल आहे, असे धरू. त्या वेळी १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतील हवेचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. ५ सेंटिमीटरच्या नळीत तो ३७ मीटरांवर जातो, म्हणजे ताशी १३० किलोमीटरहून अधिक. हा वादळाचा वेग होय, आणि तोही दर सेकंदाला बत्तीस वेळा आत व बत्तीस वेळा बाहेर. अशा वेगात हवेचा प्रवाह सुरळीत राहत नाही. तोंडाशी भोवरे उठतात, फुसफुस ऐकू येते, आणि आवाज वाढवावा तसे नळीचे कार्यच खुंटत जाते. सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या वीसाव्या हिश्श्याच्या आत हा वेग ठेवावा, असा जाणकारांचा सामान्य संकेत आहे. तोंडाच्या कडा गोलसर केल्यास थोडी सवलत मिळते. पण चौपट वेगाची भरपाई त्याने होत नाही.

हलक्या आवाजात बारीक नळीही निर्दोष वाजते, हे म्हणणे खरे आहे. परंतु सबवूफरची पेटी कोणी केवळ कुजबुजीसाठी बांधीत नाही. उलट, मग सर्वांत रुंद नळीच का घेऊ नये, असेही कोणी विचारील. १५ सेंटिमीटरची ९३ सेंटिमीटर लांब नळी एकटीच १६ लिटरहून अधिक जागा व्यापते. शिवाय प्रत्येक उघड्या नळीचा बासरीप्रमाणे स्वतःचा एक स्वर असतो. ३९ सेंटिमीटरच्या नळीचा हा स्वर ३७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सबवूफरच्या क्षेत्राबाहेर पडतो. ९३ सेंटिमीटरच्या नळीचा तो सुमारे १६५ हर्ट्झवर उतरतो आणि संगीतात लुडबुड करण्याइतका जवळ येतो. तेव्हा हवेला पुरेल इतका व्यास घ्यावा. त्याहून अधिक नव्हे.

खरी कसोटी पुढेच आहे. १० सेंटिमीटरची नळी ३९ सेंटिमीटर लांब, आणि तिच्या आतील तोंडापुढे निदान एका व्यासाइतकी मोकळी जागा हवी. म्हणजे जवळजवळ ५० सेंटिमीटर खोली झाली. ५० लिटरच्या चौकोनी पेटीत ती बहुधा नसते. येथे कोठे तडजोड करावी? नळीला सौम्य बाक देता येतो. मात्र लांबी मध्यरेषेवरून मोजावी. तेही जमत नसेल, तर नळी बारीक करण्याऐवजी स्वर वर न्यावा, हेच योग्य होय. हीच पेटी ४० हर्ट्झला जुळवली, तर त्याच व्यासाच्या नळीची लांबी २२ सेंटिमीटरवर येते आणि तेवढ्याच आवाजासाठी हवेचा वेगही कमी होतो.

या तडजोडीत गमावले काय? बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ आहे. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६५ ते ७० हर्ट्झवर बोलते. भजन, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीते यांत ४० हर्ट्झच्या खाली फारसे काही नसतेच. त्याखाली असतात ते चित्रपटांतील स्फोट आणि यंत्रनिर्मित संगीतातील काही स्वर. त्यांच्या हौसेपायी रोजच्या गाण्याला फुसफुशीची जोड देणे हा तोट्याचा व्यवहार होय. ज्याला ते स्वर हवेतच, त्याने मोठी पेटी बांधावी. क्वार्टरच्या खोलीत १०० डेसिबल हा आवाज पुरून उरणारा आहे, आणि ४० हर्ट्झची आठ-नऊ मीटर लांबीची लाट शेजाऱ्याच्या भिंतीला फारशी जुमानीत नाही, हेही ध्यानात असावे. गणेशोत्सवाच्या मंडपाची गोष्ट निराळी : आवाज २० डेसिबलनी वाढला की नळीतील वेग दसपट होतो. घरच्या पेटीचे माप तेथे चालणार नाही.

चुकीच्या नळीची किंमत केवळ कानांनाच मोजावी लागते असे नाही. जुळवलेल्या स्वराच्या खाली पेटीतील हवेचा आधार सुटतो आणि शंकू सैरावैरा हलू लागतो. मोठ्या आवाजात कॉइल आपटते, महिन्याच्या पगारातून घेतलेला स्पीकर निकामी होतो. म्हणून त्या स्वराखालील कंपने अडवणारा फिल्टर अँप्लिफायरमध्ये असावा. ज्या स्पीकरचे गुणांक दुकानदार देऊ शकत नाही आणि जे स्वतः मोजताही येत नाहीत, त्याच्यासाठी पोर्टचा नाद सोडून बंद पेटी करणे अधिक शहाणपणाचे. तिचा खर्ज लवकर ओसरू लागतो, पण हळूहळू. आणि तिची हवा शंकूला शेवटपर्यंत आवरून धरते.

हिशेब झाला तरी पडताळा हवा. नळी दोन-तीन सेंटिमीटर लांबच कापावी. मोबाइलवरील ध्वनिजनकाने माफक आवाजात एकेक कंपनसंख्या द्यावी आणि शंकू सर्वांत कमी कोठे हलतो ते पाहावे; तोच पेटीचा खरा स्वर. तो अपेक्षेपेक्षा खाली असेल, तर नळी थोडी कापावी. कापलेली नळी पुन्हा लांबवता येत नाही, म्हणून घाई नको. हिवाळ्यातील १२ अंश आणि उन्हाळ्यातील ४२ अंश यांत ध्वनीच्या वेगात सुमारे ५ टक्के फरक पडतो, व पेटीचा स्वरही तितकाच सरकतो. एखाद्या मिलिमीटरसाठी जीव टाकण्याचे कारण नाही. पण व्यासात निम्म्याची चूक कोणताही ऋतू सुधारून देत नाही.

पेटी बांधणाऱ्याजवळ करवत असते, गुण्या असतो, आणि नेटकेपणाचा अभिमानही असतो. त्यात अर्ध्या तासाच्या आकडेमोडीची भर घालणे त्याला जड नाही. हवेला वाट किती रुंद लागेल, हा प्रश्न त्याने पहिली फळी कापण्यापूर्वी सोडवावा; पेटीचे आकारमान त्या उत्तराप्रमाणे आखावे. फळ्या जोडून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नास पेटी आपले उत्तर आवाजातूनच देते, आणि ते क्वचितच गोड असते.