रणगाडा जुना, इंजिन नवं: टी-72च्या 'ओव्हरहॉल'चा आपल्या के. के. रेंजशी संबंध काय?

खारे कर्जुने, इसळक भागात तोफेचा आवाज आला तर कोणी मान वर करून बघत नाही. 'फायरिंग चालू आहे' एवढं बोलून माणूस कामाला लागतो. पण त्या आवाजामागं सध्या काय चाललंय ते आपल्याला माहीत असायला हवं. एक तर नगर जिल्ह्यातली पोरं या रणगाड्यांत बसतात, आणि दुसरं म्हणजे सरावाची जमीन आपल्याच तालुक्यांतली आहे.

7 मार्च 2025 रोजी संरक्षण मंत्रालयानं रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट या सरकारी कंपनीशी करार केला. रक्कम 24 कोटी 80 लाख डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या पुढं. या पैशातून टी-72 रणगाड्यांसाठी 1000 हॉर्सपॉवरची इंजिनं येणार. काही तयार, काही सुट्या भागांत, आणि पुढं ती चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात बनवण्याचं तंत्रज्ञानही मिळणार. आत्ताचं इंजिन 780 हॉर्सपॉवरचं आहे.

ट्रॅक्टरवाल्याला हे जास्त समजावून सांगायला नको. ट्रॅक्टर तोच ठेवला, पण मागं औजारं वाढवत गेलो तर काळ्या रानात तो दम टाकतो. टी-72चं तेच झालं. हा रणगाडा आपल्याकडं 1970च्या दशकाच्या शेवटी आला. वजन साधारण 41 टन. पुढं त्याच्या अंगावर स्फोटक चिलखताच्या विटा बसवल्या आणि वजन वाढलं. वाळवंटात आणि लडाखच्या विरळ हवेत तर इंजिनाची ताकद आणखी कमी पडते. त्यामुळं नवं इंजिन ही चैन नाही. उलट उशीरच झालाय असं म्हणावं लागेल, कारण टी-90 आपल्याकडं आला तोच 1000 हॉर्सपॉवर घेऊन.

मग सरळ नवे रणगाडेच का घेत नाहीत? घ्यायचे आहेतच. टी-72च्या जागी येणाऱ्या नव्या पिढीच्या रणगाड्याला सप्टेंबर 2024 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं पहिली मंजुरी दिली. पण मंजुरी, आराखडा, नमुना, चाचणी, मग उत्पादन हा रस्ता किती लांब असतो ते 'अर्जुन'नं दाखवलंय. नवा रणगाडा 2030 नंतरच येणार. आपल्याकडं टी-72 दोन हजारांच्या वर आहेत, तोपर्यंत सीमेवर उभं राहायचं त्यांनीच.

जुन्यावर नवं बसवायची पद्धत आपल्याला नवी नाही. रशियन टी-55ची मूळची 100 मिलिमीटरची तोफ काढून आपण त्यावर 105 मिलिमीटरची बसवली होती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जुनी रणगाडी ओळीनं उभी आहेत. पोरांना घेऊन गेलात तर नुसते फोटो काढू नका, नळी किती जाड होत गेली आणि चिलखताचा उतार कसा बदलला तेही बघा. 1948 पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरमध्येच आहे. वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच.

इंजिनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट नजर आहे. टी-72 आला तेव्हा रात्री बघायला त्यावर इन्फ्रारेड दिवा होता. तो लावला की समोरचं दिसायचं खरं, पण शत्रूकडं तसं यंत्र असलं तर त्यालाही हा दिवा दिसायचा. अंधारात बॅटरी लावून चोर शोधण्यासारखंच ते. आता थर्मल कॅमेरा लागतो, तो उष्णतेवर बघतो, स्वतःचा उजेड टाकत नाही. टी-90च्या कमांडरसाठी असे 957 संच बसवायचा 1,075 कोटींचा करार 2022 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी झाला. टी-72ची संख्या मोठी, त्यामुळं तिथं काम हप्त्याहप्त्यानं होतं.

तिसरी गोष्ट ड्रोन. युक्रेनमध्ये काही हजार रुपयांपासून लाखभरात बनणारं ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा पेटवताना सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. रणगाड्याचं छत पातळ असतं, वरून मारा झाला की संपलं. टी-72चं खरं दुखणं याच्याही खाली आहे. गोळे आपोआप भरणारं यंत्र आणि दारूगोळा बुरुजाच्या बुडाशी, माणसांच्या पायाखाली. तो पेटला तर बुरुज उडतो, आतली तीन माणसं वाचत नाहीत. वरून जाळी लावा, विटा लावा, इंजिन बदला, ही मूळ मांडणी बदलत नाही. म्हणून माझं मत असं की 1000 हॉर्सपॉवरचं कौतुक करताना ड्रोनपासूनच्या संरक्षणाचा हिशेबही सरकारला विचारला पाहिजे. इंजिनाची बातमी मोठी होते, छताची होत नाही.

आता आपल्या रानाकडं येऊ.

22 सप्टेंबर 2020 रोजी के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून लेझरच्या इशाऱ्यावर जाणारं क्षेपणास्त्र डागलं गेलं. ते पुण्याच्या एआरडीईनं इतर प्रयोगशाळांच्या मदतीनं बनवलेलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा, मग ऑगस्ट 2022 मध्येही चाचणी झाली. त्याचा पल्ला दीड ते पाच किलोमीटर. नेहमीचा चिलखतभेदी गोळा साधारण दोन किलोमीटरवरच्या लक्ष्यासाठी वापरतात. म्हणजे आधुनिकीकरण झालं की मारा लांबतो. आणि चुकलेला गोळा लक्ष्याच्या कितीतरी पुढं जाऊन पडतो, म्हणून सुरक्षेची पट्टी त्याहून मोठी लागते.

याच 2020 मध्ये नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या 23 गावांची जमीन रेंजसाठी जाणार या चर्चेनं झोप उडवली होती. विषय दिल्लीपर्यंत गेला, शरद पवार आणि तेव्हाचे पारनेरचे आमदार नीलेश लंके संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांना भेटले. राहुरी भागानं तर आधी मुळा धरणाला जमीन दिली, कृषी विद्यापीठाला दिली. तिसऱ्यांदा कोणाकडं मागायची, हा प्रश्न रास्तच आहे.

इथं दोन गोष्टींत गल्लत होते. सरावासाठी अधिसूचना काढणं वेगळं आणि जमीन संपादित करणं वेगळं. अधिसूचना 1938च्या फील्ड फायरिंग कायद्याखाली ठराविक मुदतीसाठी निघते. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. सरावामुळं माणसाला इजा झाली, पिकाचं, घराचं नुकसान झालं, किंवा धोक्याच्या पट्ट्यातून तुम्हाला बाहेर काढलं, तर भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि पैसे संरक्षण खात्यानं द्यायचे असतात. संपादनाचा कायदा वेगळा, मोबदला वेगळा. म्हणून गावात कागद आला की आधी तो कोणत्या कायद्याखाली आहे आणि मुदत किती ते वाचा. तलाठ्याकडं विचारा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गावांच्या यादीवरून धसका घेऊ नका आणि निर्धास्तही राहू नका.

लष्करानंही एक करावं. सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यासमोर बसून नेमबाजीचा बराच सराव होतो. खऱ्या गोळ्याची गरज संपत नाही, पण कमी होते. नव्या तोफांसाठी नेमकी किती लांबी-रुंदी लागणार, ते नकाशावर दाखवून गावांना सांगितलं तर अर्ध्या अफवा जागीच मिटतील.

आणि रेंजमधलं भंगार. न फुटलेला गोळा उचलताना, फोडताना याच पट्ट्यात माणसं गेली आहेत. पितळ-तांब्याचे चार पैसे मिळतात म्हणून पोरं आत शिरतात. दिसला तर हात लावू नका, लांबून खूण करा आणि 112 वर फोन करून पोलिसांना कळवा.