अर्ज मराठीत चालेल

कडाव, कशेळे भागातली मुलं आयटीआय झाली की नोकरीसाठी खोपोली आणि पाताळगंगेच्या कारखान्यांकडे बघतात. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. तो मेहनतीने पुरा होतो. गाडी अडते ती अर्जापाशी. मोबाइलवर सुरुवात होते ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ अशी आणि शेवट होतो ‘युवर्स ओबीडियंटली’ने. असा अर्ज वाचून हसणारे कमी नाहीत.

हे हसू जुनं आहे. एफ. अॅन्स्टी या इंग्रज लेखकाने ‘बाबू जॅबर्जी, बी. ए.’ हे पुस्तक १८९७ साली काढलं, ते हिंदी माणसाच्या जडजंबाल इंग्रजीची टर उडवण्यासाठीच. पण ती भाषा शिकवली कोणी? साहेबाच्या कचेरीनेच. खुद्द गोरे अधिकारी एकमेकांना लिहिलेल्या सरकारी पत्रांखाली ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहून सही करत. साहेब गेला, त्याच्या देशात पत्रं सुटसुटीत झाली. आपल्याकडे अर्जाचा तोच नमुना वर्षानुवर्षं उतरवला गेला.

शिवाय मराठीत मायन्याशिवाय पत्र सुरू होत नाही. वडीलधाऱ्याला ‘तीर्थरूप’, परक्याला ‘महोदय’. गावात अनोळखी माणसालाही दादा, ताई, काका म्हणणाऱ्या मुलाला मॅनेजरला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. त्यात अडाणीपणा कुठला? जर्मन माणूस आजही औपचारिक पत्रात समोरच्याला ‘आदरणीय’च म्हणतो.

उमेदवाराचीही चूक होते. जाहिरातीखाली बाईंचं नाव असताना ‘सर’ लिहिणं, पदाचं नावच न देणं, दुसऱ्याचा अर्ज जसाच्या तसा पाठवणं, हे टाळायलाच हवं. आयटीआयने दोन तास यासाठी द्यावेत. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी चार ओळींचा साधा अर्ज मुलांना जमत नसेल तर तो दोष एकट्या मुलांचा नाही.

राज्याचं धोरण सांगतं, उद्योगांनी पर्यवेक्षकांच्या खालच्या पदांवर किमान ८० टक्के स्थानिक घ्यावेत. मग त्या पदांच्या जाहिरातीत ‘अर्ज मराठीत चालेल’ एवढी ओळ कंपन्यांनी छापावी. फिटरला बेंचवर एक जॉब करायला द्यावा, माप व्हर्निअरने तपासावं आणि त्यावरून निवड करावी.