विद्यापीठांच्या संगणकांवर सत्ता कोणाची?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, म्हणजे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे कागदांचे जे भेंडोळे येऊन पडते, त्यात अलीकडे आणखी एका प्रतिज्ञापत्राची भर पडली आहे. संस्थेचे संगणक, संस्थेचा ई-मेल आणि संस्थेचे इंटरनेट आपण कसे वापरू व कसे वापरणार नाही, याची ती हमी असते. ती बहुधा इंग्रजीत असते, बहुधा दुसऱ्या कोठल्या तरी संस्थेच्या मसुद्यावरून उतरवलेली असते आणि न वाचताच तिच्यावर सही करण्याचा प्रघात आता सर्वमान्य झाला आहे. विम्याच्या कागदांवर डोळे मिटून सह्या करणाऱ्या पालकांना याबद्दल मुलांना बोल लावण्याचा अधिकार नाही, हे उघडच आहे. परंतु या कागदाच्या बळावर उद्या त्याच मुलाचे वसतिगृह काढून घेता येते, त्याची परीक्षा अडवता येते आणि प्रसंग पडल्यास त्याला पोलिसांच्या स्वाधीनही करता येते. तेव्हा त्या कागदात काय असावे व काय नसावे, हा प्रश्न केवळ संगणक केंद्रातील तंत्रज्ञांवर सोडून देण्याइतका क्षुल्लक खचित नाही.

असे नियम मुळात जन्माला आले ते टंचाईच्या पोटी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला, तेव्हा देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्याच एका यंत्रावर आपली गणिते सोडवून घेत. यंत्र एक आणि उमेदवार अनेक, अशा स्थितीत प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्तच होते. पुढे अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने विद्यापीठांना जोडणारे जाळे सरकारी पैशाने उभारले आणि त्याच्या ‘स्वीकार्य वापरा’चे धोरण ठरवले. त्याचा मथितार्थ एवढाच होता की, हे जाळे संशोधन व शिक्षण यांसाठी आहे; नफ्याचा व्यापार त्यावर करू नये. करदात्याच्या पैशाने बांधलेल्या रस्त्यावर कोणी दुकान थाटू नये, इतका साधा तो विचार होता. १९९५ साली ते जाळे मोडीत निघाले व इंटरनेट व्यापाऱ्यांच्या हाती गेले. ‘स्वीकार्य वापर’ हे शब्द मात्र मागे राहिले आणि त्यांच्या पोटात हळूहळू शिस्त, नीती, राष्ट्रभक्ती, संस्थेची प्रतिष्ठा इत्यादी सारे काही कोंबले गेले.

नियम नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला व अध्यापनसंस्थेला कित्येक दिवस सारा कारभार हाताने कागदावर लिहून चालवावा लागला. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठावर २०१९ च्या नाताळात असाच घाला पडला. परीक्षा तोंडावर, संशोधनाचे साहित्य कुलूपबंद, अशा पेचात त्या विद्यापीठाने सुमारे २ लाख युरोंची खंडणी बिटकॉइनच्या रूपाने निमूटपणे मोजली. (पुढे पोलिसांनी त्यातील काही भाग हस्तगत केला, तोवर बिटकॉइनचा भाव इतका चढला होता की परत आलेली रक्कम दिलेल्या रकमेहून अधिक भरली! खंडणी देऊन नफ्यात राहिलेली दुसरी शिक्षणसंस्था आमच्या ऐकिवात नाही.) परंतु या प्रकरणाच्या चौकशीत जे निष्पन्न झाले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. चोर आत शिरला तो कोणीतरी उघडलेल्या एका फसव्या ई-मेलमधून, आणि सर्वत्र पसरला तो वेळेवर दुरुस्त्या न केलेल्या सर्व्हरांमुळे. वसतिगृहात रात्री चित्रपट पाहणाऱ्या पोरांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. आपल्याकडील नियमावल्या वाचाव्यात, तर सारा रोख त्या पोरांवर आणि सर्व्हरांच्या निगराणीबद्दल मात्र अवाक्षर नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार. विशेष म्हणजे मास्ट्रिख्टने आपली फजिती लपवून ठेवली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सभा भरवून ती जगापुढे मांडली. आपल्या विद्यापीठांपैकी किती जणांस एवढे धैर्य होईल?

नियम मोडणाऱ्याचे काय करावे, या प्रश्नावर अमेरिकेतील दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक स्वयंप्रसारी आज्ञावली इंटरनेटवर सोडून दिली. आपला माग लागू नये म्हणून त्याने ती ‘एमआयटी’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेच्या संगणकावरून सोडली. हेतू नासधुशीचा नव्हता, असे त्याचे म्हणणे; पण हजारो संगणक ठप्प झाले. विद्यापीठाने त्याला निलंबित केले. न्यायालयाने १९९० साली त्याला शिक्षा सुनावली, ती तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १० हजार ५० डॉलर दंड. तुरुंगवास नाही. तोच मॉरिस पुढे त्याच एमआयटीत प्राध्यापक झाला.

दुसरे प्रकरण आरन स्वार्ट्झ याचे. २०१० च्या उत्तरार्धात या बुद्धिमान तरुणाने एमआयटीच्या आवारात आपला संगणक जोडून ‘जेस्टोर’ या संग्रहातील लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. ते निबंध त्या आवारातील कोणाही पाहुण्याला वाचावयास मोकळे होते. थोकाने उतरवण्यास मात्र मनाई होती. त्याच्या या उद्योगापायी ‘जेस्टोर’ने मध्यंतरी काही दिवस साऱ्या एमआयटीचाच प्रवेश बंद केला, म्हणजे इतरांस उपद्रव झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. पुढे खुद्द ‘जेस्टोर’ने त्याच्याशी तडजोड करून प्रकरण मिटवले. सरकारने मात्र ते सोडले नाही. आरोप चारांचे तेरा झाले, आणि ११ जानेवारी २०१३ रोजी वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी त्या तरुणाने आत्महत्या केली. त्यानंतर एमआयटीने प्राध्यापक हॅल एबलसन यांच्या नेतृत्वाखाली चौकशी केली. संस्थेने त्याच्यावर नेम धरला नव्हता, ती तटस्थ राहिली, असे त्या अहवालाने सांगितले. परंतु त्याच अहवालात एक नोंद आहे. आपल्या जाळ्यातील स्वार्ट्झचा प्रवेश अधिकृत होता की अनधिकृत, हे एमआयटीला ना सरकारी पक्षाने विचारले, ना बचाव पक्षाने. आणि संस्थेनेही ते स्वतःला विचारले नाही! ज्या एका शब्दावर त्या मुलाचे आयुष्य टांगलेले होते, त्याचा अर्थ ज्यांच्या नियमांत होता त्यांनी तोंड उघडले नाही.

मॉरिसने यंत्रे बंद पाडली आणि त्याला सावरण्याची संधी मिळाली. स्वार्ट्झने निबंध उतरवले आणि त्याला ती मिळाली नाही. या दोन प्रकरणांमधल्या बावीस वर्षांत विद्यापीठाने पालकाची भूमिका सोडून पंचनाम्याच्या साक्षीदाराची भूमिका पत्करली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ‘व्हॅन ब्यूरन’ खटल्यात त्या कायद्याला आवर घातला. ज्याला माहितीपर्यंत जाण्याची मुभा आहे, त्याने ती गैरहेतूने वापरली एवढ्यावरून तो या कायद्याखाली गुन्हेगार ठरत नाही, असा तो निर्णय आहे. स्वार्ट्झला त्याचा उपयोग नव्हता.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. पण आपला माहिती तंत्रज्ञान कायदा काय म्हणतो? त्या २००० सालच्या कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यातील माहिती उतरवून घेणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. आणि तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आता विद्यापीठात ही ‘परवानगी’ कोठे लिहिलेली असते? त्या न वाचलेल्या प्रतिज्ञापत्रात. म्हणजे संगणक केंद्रातील एखादा अधिकारी दुपारच्या चहापूर्वी जो मसुदा हातावेगळा करतो, तो प्रत्यक्षात फौजदारी कायद्याला जोडलेले परिशिष्ट असते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे सुमारे १३ हजार नियतकालिके आता सरकारी शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांस खुली झाली आहेत. ६ हजार कोटी रुपयांची ही योजना स्तुत्य आहेच. परंतु प्रकाशकांच्या करारांत थोकाने उतरवण्याला मनाई असतेच; आणि ज्ञानाची भूक लागलेला एखादा संशोधक विद्यार्थी ती मर्यादा ओलांडील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. त्या दिवशी विद्यापीठ त्याला बोलावून समज देणार, की त्याचे नाव पुढे पाठवून मोकळे होणार?

आक्षेपार्ह मजकुराचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. ‘आक्षेपार्ह’, ‘अयोग्य’, ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधक’ हे शब्द नियमावल्यांतून सर्रास आढळतात. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ साली फेसबुकवरील मजकुराबद्दल अटक झाली, त्याचे पडसाद देशभर उमटले, आणि असल्याच संदिग्ध शब्दांवर उभे असलेले ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्दबातल ठरवले. संसदेला जे शब्द वापरता आले नाहीत, ते एखाद्या कुलसचिवाला बिनदिक्कत वापरता यावेत, ही मौजच म्हणायची.

वसतिगृहांच्या वेळापत्रकाबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण पालकांची सहानुभूती येथे हटकून अधिकाऱ्यांच्या बाजूस असते. पवईच्या आयआयटीने मार्च २००७ मध्ये वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचे ठरवले. मुले रात्रभर खेळ व चित्रपट यांत गुंगतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, ही त्यामागची चिंता होती, आणि ती खोटी होती असे कोण म्हणेल? पण तो काळ वेगळा होता. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जाळे बंद केले, तर खेळणारा स्वतःच्या पैशाने खेळत राहतो आणि ज्याला मोबाइलचा खर्च परवडत नाही, तो गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा विद्यार्थी तेवढा अभ्यासास मुकतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

केरळमध्ये २०१९ साली याच प्रश्नाचा निवाडा झाला. कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते दहा मोबाइल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटचा लाभ हा शिक्षणाच्या हक्काचा व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. ज्ञान मिळवण्याच्या वाटा बुजवून शिस्त लावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. एका पदवीच्या विद्यार्थिनीला जे उमजले, ते तिच्या व्यवस्थापनाला उमजू नये, ही खेदाची गोष्ट होय.

नजर ठेवण्याच्या प्रश्नातही तारतम्य हवे. सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. नोंदी ठेवणे निराळे आणि कोणता विद्यार्थी काय वाचतो हे चाळत बसणे निराळे. ग्रंथपालाजवळही कोणी कोणते पुस्तक नेले याची वही असते. ती वही प्राचार्यांनी संध्याकाळी वाचनास मागवली, तर कोणताही स्वाभिमानी ग्रंथपाल ती देणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले आहे. वसतिगृहाची पायरी चढताना तो हक्क चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा लागतो, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, की एवढा कीस कशाला? प्रामाणिक मुलाला भिण्याचे कारण काय? या युक्तिवादाला आम्ही एकच प्रश्न विचारतो. तोच नियम प्राध्यापकांना, अधिकाऱ्यांना व कुलगुरूंना लावण्यास आपली तयारी आहे काय? संस्थेच्या संगणकावरून खासगी पत्रव्यवहार न करणारा एक तरी विभागप्रमुख या राज्यात असेल, यावर आमचा विश्वास नाही. आणि त्यात फारसे वावगे आहे असेही आम्हांस वाटत नाही.

विद्यापीठांनी करावयाचे आहे ते अवघड नाही. दुसऱ्याचा पासवर्ड चोरणे, यंत्रणा बिघडवणे, एखाद्या विद्यार्थिनीचा छळ करणे, संस्थेच्या यंत्रांवर स्वतःचा धंदा चालवणे, या गोष्टी नाव घेऊन मना कराव्यात आणि त्यांस सक्त शिक्षा ठेवावी. बाकीच्या आगळिकीला आधी समज, मग काही दिवस जोडणी बंद, अशी पायरी असावी. आणि जोडणी बंद करतानाही ग्रंथालयाचा व परीक्षेचा मार्ग मोकळा राहावा. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा होऊ नये, आणि ते ऐकणाऱ्यांत संगणक केंद्राबाहेरचा प्राध्यापक व विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असावा. पोलिसांकडे जाण्याचा निर्णय कुलगुरूंनी स्वतःच्या सहीने, कारणे लिहून घ्यावा. हा मसुदा मराठीत, एका पानात मावेल असा करून अधिसभेपुढे ठेवावा, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जाबरोबर तो विद्यार्थ्याच्या हाती पडावा. शुल्काच्या पावतीखाली नव्हे, तिच्यावर.