फाटक पडलंय!

मांजरीत राहायला आलो तेव्हा पहिल्या महिन्यातच एक गोष्ट शिकलो. रेल्वेचं फाटक पडलं की गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं आणि मालगाडीचे डबे मोजत बसायचं. चिडून काही होत नाही. त्यामुळे मॅजिकसाठी स्वतःचं एक कार्ड बनवायचं ठरलं तेव्हा बाकी काही सुचायच्या आधी नाव सुचलं : 'फाटक'.

ज्यांना मॅजिक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितातल्या माणसाने १९९३ साली आणलेला हा पत्त्यांचा खेळ. प्रत्येकजण आपापला डेक रचून आणतो, 'माना' नावाची शक्ती खर्चून राक्षस, जादू वगैरे टेबलावर मांडतो आणि समोरच्याला २० वरून शून्यावर आणतो. आम्ही चौघे शनिवारी संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये खेळतो. आमच्यात एक घरगुती नियम आहे. प्रत्येकाला स्वतः बनवलेलं एक कार्ड डेकमध्ये ठेवता येतं, त्याच्या चार प्रती. कागदावर प्रिंट मारायचं, जुन्या कार्डावर ठेवायचं आणि स्लीव्हमध्ये सरकवायचं. झालं.

तर माझ्या फाटकाची पहिली आवृत्ती : किंमत दोन माना, आणि मजकूर 'समोरचा पुढचा डाव गमावतो.' कार्ड टाकलं आणि आमच्यातला एक वकीलवृत्तीचा प्राणी म्हणाला, "म्हणजे मी हरलोच की! डाव गमावला ना?" डाव म्हणजे पाळी की अख्खा खेळ, यावर पाऊण तास वाद. नंतर वाचलं तेव्हा हसू आलं. गारफिल्डच्या 'टाइम वॉक'वर चाचणीच्या काळात असाच मजकूर होता आणि तिथेही एकाने नेमका हाच अर्थ काढला होता! पुढे ते कार्ड 'तुम्ही एक जादा पाळी घ्या' असं छापलं गेलं. किंमत तीच, दोन माना. ते इतकं जबरदस्त ठरलं की आज मॅजिकमधल्या सगळ्यात ताकदवान नऊ कार्डांत त्याचं नाव घेतात.

दुसऱ्या आवृत्तीत मी शहाणा झालो (असं मला वाटलं). 'पुढच्या पाळीत समोरच्याचं कुठलंही क्रीचर हल्ला करू शकत नाही.' दोन मानांत स्वस्त पडतंय अशी ओरड झाली म्हणून तीन केले. तरी ओरड, म्हणून चार. आपल्या इंजिनिअर डोक्याची हीच खोड. काही बिघडलं की आकडा वाढवायचा. टाइमआउट येतोय? तीसचे साठ सेकंद करा.

गंमत अशी की नुसत्या आकड्याने तोल साधत नाही हे मॅजिकच्या पहिल्याच संचात दिसतं. त्यात पाच कार्डं एका साच्यातली आहेत. एक माना द्या आणि काहीतरी 'तीन' मिळवा. तीन पत्ते उचला, तीन इजा करा, तीन माना मिळवा, क्रीचरला एका पाळीपुरतं तीनने मोठं करा किंवा तीन आयुष्य भरून काढा. कागदावर किती सुरेख समीकरण! प्रत्यक्षात तीन पत्ते उचलणारं 'अँसेस्ट्रल रिकॉल' त्याच नऊ जणांत जाऊन बसलं, आणि तीन आयुष्य देणाऱ्या 'हीलिंग साल्व्ह'ला कोणी विचारत नाही. तीन म्हणजे तीनच, पण कशातले तीन?

असो. चार मानांचं फाटक आम्ही तीन शनिवार खेळलो. चार प्रती असल्यामुळे मी एकामागून एक फाटकं पाडायचो. जिंकायचो असंही नाही, पण डाव लांबायचा. आमच्यातला एकजण वाघोलीहून येतो. नवीन बाळ आहे घरी, आठवड्यातली हीच एक संध्याकाळ त्याची. चौथ्या शनिवारी तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, "येतो रे, पण मागचा अख्खा शनिवार मी फाटकावरच बसलो होतो. त्यापेक्षा घरी झोपतो."

लागलं ते. मी तीन आठवडे किंमत मोजत होतो, आणि त्याला समोर बसून करायला काय उरतं हे एकदाही बघितलं नव्हतं. माझं आता स्पष्ट मत झालंय की घरगुती कार्ड समोरच्याच्या खुर्चीत बसून तपासावं. समोरच्याला नुसतं बसवून ठेवणारं कार्ड दहा मानांचं केलं तरी कंटाळवाणंच राहतं, फक्त महाग.

याच सुमारास सावंतवाडीची गंजिफा हातात आली. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. यातल्या पाच रंगांत प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी बिचारी तळाला! म्हणजे हातात नुसते बारके पत्ते आले तरी रडायचं कारण नाही, रंग कुठला ते बघायचं. ज्या कोणी हे रचलं त्याला साष्टांग नमस्कार.

तिथून डोक्यात आलं की अरे, आपलं खरं फाटक तरी सगळ्यांना कुठे अडवायचं? ट्रक, बस, कार थांबायच्या. टू-व्हीलरवाले गाडी तिरकी करून, मान वाकवून खालून पसार! (करू नये. मी केलंय.) तर तिसरी आवृत्ती : किंमत तीन माना, 'पुढच्या पाळीत समोरच्याची ताकद २ किंवा जास्त असलेली क्रीचर्स हल्ला करू शकत नाहीत.' बारकी वाकून जातात.

परवा वाघोलीकर आला. मी ऐटीत फाटक पाडलं, आणि त्याने एक-एक ताकदीचे सात गॉब्लिन ओळीने खालून काढले. माझं आयुष्य होतं सहा. इतका खूश मी त्याला बाळाच्या बारशालाही बघितलं नव्हतं.

आता तोच म्हणतोय की फाटक फार मवाळ झालंय, दोन मानांचं कर. मोह होतोय. पण 'स्कलक्लॅम्प' नावाच्या कार्डात शेवटच्या घडीला असाच एक बारीकसा बदल केला गेला, तो नीट खेळून पाहिला गेला नाही, आणि जून २००४ मध्ये त्या कार्डावर बंदी घालावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा येत्या शनिवारी दोन मानांचं फाटक त्याच्या डेकमध्ये राहील आणि गॉब्लिन घेऊन मी समोर बसेन. मग बघू.